घरच्या घरी जेल नेलपॉलिश आणि नखांची निगा: काय करावे, काय टाळावे

साधे नेलपॉलिश लावले की दोन दिवस भांडी घासली, चार भाकरी थापल्या की त्याचे टवके उडायला लागतात. जेल नेलपॉलिश मात्र दोन-तीन आठवडे चकाकत राहते. म्हणून लग्नसराई आली, नवरात्र जवळ आले की जेलची मागणी वाढते. पूर्वी त्यासाठी राजारामपुरीतल्या किंवा महाद्वार रोडच्या पार्लरमध्ये जावे लागे. आता छोटा दिवा आणि चार-पाच बाटल्या असलेला संच ऑनलाइन मागवता येतो आणि घरीच सगळे करता येते.

नखे रंगवण्यात गैर काही नाही. मात्र जेल हे नेहमीच्या नेलपॉलिशचा नुसता टिकाऊ प्रकार नाही. ते वेगळे रसायन आहे आणि ते चुकीच्या पद्धतीने हाताळले तर आयुष्यभर राहणारी ॲलर्जी होऊ शकते. ती कशी होते, ती टाळून नखे कशी रंगवायची आणि नखांची रोजची निगा कशी राखायची, ते या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• जेलचा ओला थेंब कातडीला लागू देऊ नका. ॲलर्जीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.
• बाटली ज्या कंपनीची, दिवाही त्याच कंपनीने सांगितलेला वापरा.
• जेल सोलून काढू नका. ॲसिटोनने मऊ करून काढा, तेही गॅस, समई आणि उदबत्तीपासून दूर.
• नखाभोवती खाज, भेगा किंवा पापण्यांवर पुरळ आले तर वापर लगेच थांबवा.
• ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या आधी नखे कोरी करा.

नख म्हणजे नेमके काय?

आपल्याला दिसते ते कडक नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते. केसही त्याच प्रथिनाचे. हा भाग निर्जीव असतो, म्हणून नख कापताना दुखत नाही. नख तयार होते ते मुळाशी, कातडीखाली. अंगठ्याच्या नखावर दिसणारा पांढरट अर्धचंद्र हा त्याच कारखान्याचा दिसणारा भाग.

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे पूर्ण नख नवीन यायला सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागते. आज खराब झालेले नख पुढच्या आठवड्यात नीट होईल, अशी अपेक्षा म्हणूनच ठेवू नका. कोणतेही तेल किंवा औषध निर्जीव नखाला जिवंत करत नाही. मुळाशी येणारे नवे नख चांगले येऊ देणे, एवढेच आपल्या हातात असते.

नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, जिला पार्लरमध्ये क्युटिकल म्हणतात, ही त्या कारखान्याच्या दारावरची पट्टी आहे. पाणी आणि जंतू आत जाऊ नयेत हे तिचे काम. ती कापली की दार उघडे पडते आणि नखुर्डे होते.

जेल टिकते कसे आणि ॲलर्जी होते कशी?

साध्या नेलपॉलिशमधले द्रावण हवेत उडून जाते आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. जेलमध्ये काही उडून जात नाही. त्यात ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट गटातील लहान लहान रेणू असतात. दिव्याचे अतिनील किरण पडले की हे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक प्लास्टिकचा थर तयार होतो. म्हणूनच तो पाण्याने निघत नाही आणि साध्या रिमूव्हरलाही दाद देत नाही.

पूर्ण कडक झालेला थर सहसा त्रास देत नाही. त्रास देतो तो ओला किंवा अर्धवट कडक झालेला जेल. त्यातले सुटे लहान रेणू कातडीत शिरतात. शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकते आणि एकदा शिकली की सहसा विसरत नाही. त्यामुळे पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या वेळेला काहीच झाले नाही म्हणून निश्चिंत राहू नका. ही ॲलर्जी अनेक महिने वापर झाल्यावरही सुरू होऊ शकते.

या गटातला हेमा हा घटक सर्वांत जास्त चर्चेत आहे. बाटलीवरच्या यादीत तो एच, ई, एम, ए या चार अक्षरांनी किंवा हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट या नावाने लिहिलेला असतो. अमेरिकेतील संपर्क-ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये ॲक्रिलेट गटाला त्या वर्षीचा प्रमुख ॲलर्जीकारक घटक ठरवले होते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये घरगुती जेल संचांबाबत जाहीर इशारा दिला. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादने फक्त प्रशिक्षित व्यावसायिकांनी वापरावीत, असा नियम केला. घरी जेल करताना बोटांना ते जास्त लागते, दिवा कमी ताकदीचा असतो आणि थर जाड दिला जातो, ही या इशाऱ्यांमागची कारणे.

ॲलर्जी फक्त नखांपुरती राहत नाही

लक्षणे बहुतेकदा नखाभोवती सुरू होतात: खाज, लाली, बारीक पुटकुळ्या, बोटांच्या टोकांना भेगा, नखाखाली जाडसर थर, नख बोटापासून सुटणे. पण हाताचा स्पर्श सगळीकडे होतो. त्यामुळे पापण्या, गाल आणि मानेवरही पुरळ येते. अनेक रुग्ण चेहऱ्याची क्रीम बदलत राहतात, कुणी भांड्यांच्या पावडरीला दोष देतो, कुणी फंगसची मलमे लावतो. खरे कारण बोटांच्या टोकावर असते.

हेच ॲक्रिलेट दातांच्या सिमेंटमध्ये आणि फिलिंगमध्ये, सांधा बदलताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या साखर मोजणाऱ्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीतही असतात. विशीत हौस म्हणून लावलेल्या जेलची ॲलर्जी साठीत गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी विचारात घ्यावी लागू शकते. तुम्हाला अशी ॲलर्जी असल्याचे निदान झाले असेल, तर दंतवैद्य आणि सर्जन यांना ते आवर्जून सांगा.

निदानासाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर संशयित घटकांच्या छोट्या पट्ट्या ४८ तास चिकटवतात आणि पुढील दिवसांत त्या जागी काय उमटते ते तपासतात. यात सुई नसते.

जेल कोणी टाळावे?

• नखाभोवती इसब, सोरायसिस, फंगस किंवा नखुर्डे असेल तर
• आधी जेल, कृत्रिम नखे किंवा दातांच्या सिमेंटचा त्रास झाला असेल तर
• केमोथेरपी सुरू असेल तर
• डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे सुरू असतील तर

शेवटचा मुद्दा कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. डॉक्सिसायक्लिन मुरमांसाठी देतात, तसेच पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणूनही देतात. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर आपण पाहिलेच आहेत. या औषधावर असताना अतिनील किरण पडले तर नख दुखून सुटू शकते. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत जेलचा दिवा बाजूला ठेवा.

घरी करायचेच असेल तर: पायरीपायरीने

सर्वांत सुरक्षित पर्याय म्हणजे साधे नेलपॉलिश नीट लावणे. कोरड्या नखावर बेस कोट, रंगाचे दोन पातळ थर आणि टॉप कोट द्या. प्रत्येक थरात काही मिनिटे थांबा आणि दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा आणखी एक हात फिरवा. असे केलेले पॉलिश आठवडाभर सहज टिकते आणि दिव्याची गरज पडत नाही. तरीही जेलच लावायचे असेल, तर पुढील क्रम पाळा.

१. बाटली तपासा. उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर ती बाटली घेऊ नका. बाहेरून आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनांना आपल्याकडे २०२० च्या नियमांनुसार नोंदणी लागते.

२. नखे कापून घ्या आणि एकाच दिशेने घासा. करवतीसारखी पुढे-मागे घासली तर कडा चिरतात. घरकाम करणाऱ्या हाताला आखूड नखच बरे.

३. हात पाण्यात भिजवू नका. नख पाणी शोषून किंचित फुगते आणि वाळल्यावर आकसते. ओल्या नखावर दिलेला थर त्यामुळेच लवकर सुटतो. आंघोळ आणि भांडी उरकून तास-दोन तासांनी बसा.

४. मुळाची कातडी कापू नका. नखावर आलेला मेलेला पापुद्रा लाकडी काडीने हलकेच मागे सारा.

५. नखाचा पृष्ठभाग खरवडू नका. फक्त चमक जाईल इतकाच बफर फिरवा. पातळ झालेल्या नखाला दिव्याखाली जास्त चटका बसतो आणि ते लवकर तुटते.

६. स्पिरिटने नख पुसून कोरडे करा.

७. पातळ थर द्या. कातडीपासून सुमारे १ मिलिमीटर जागा कोरी सोडा. नखाच्या पुढच्या कडेवरून ब्रश फिरवा, म्हणजे तिथून पापुद्रा उचलला जात नाही. कातडीला थेंब लागला तर दिव्यात हात घालण्याआधीच तो काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसा.

८. प्रत्येक थर सांगितलेल्या वेळेइतकाच दिव्याखाली धरा. वरून कडक वाटले तरी जाड थर आतून ओला राहतो. अंगठा सपाट ठेवून वेगळा धरा, कारण चार बोटांबरोबर तो तिरका राहतो.

९. शेवटी उरणारा चिकट थर हा न गुंफलेल्या रेणूंचाच असतो. तो बोटाने पुसू नका. कापसावर स्पिरिट घेऊन पुसा आणि कापूस झाकणाच्या डब्यात टाका.

हातमोजे घातले तर नायट्राइलचे घाला, पण पातळ मोज्यातूनही हे रेणू काही मिनिटांत आत येऊ शकतात. मोज्यावर जेल सांडले की मोजा लगेच बदला.

दिव्याखाली एकदम चटका बसला तर घाबरू नका, हात बाहेर काढा. रेणू गुंफले जाताना उष्णता निघते आणि थर जाड असला की ती एकदम निघते. पुढचा थर आणखी पातळ द्या.

दिव्याच्या किरणांचे काय?

एलईडी लिहिलेला दिवा अतिनील किरणांपासून मुक्त असतो, हा गैरसमज आहे. जेल कडक करणारे सगळेच दिवे कमी-अधिक प्रमाणात अतिनील-ए किरण टाकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या किरणांमुळे पेशींच्या डीएनएमध्ये बदल झालेले दिसले. मात्र तो अभ्यास प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होता. अधूनमधून जेल करणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. तरी काळजी घेणे सोपे आहे. बोटांची टोके कापलेले कापडी मोजे घाला किंवा हाताच्या पाठीवर एसपीएफ ३० किंवा जास्त असलेले सनस्क्रीन लावा. नखावर ते लागू देऊ नका, नाहीतर जेल धरत नाही.

जेल काढताना

नखांचे सर्वांत जास्त नुकसान लावताना नव्हे, काढताना होते. कडेने सुटलेला पापुद्रा टीव्ही बघता बघता सोलला जातो आणि त्याच्याबरोबर नखाचे वरचे थरही निघून येतात.

आधी वरचा चकाकता थर हलका घासा. नखाभोवतीच्या कातडीवर व्हॅसलीन लावा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नखावर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि १० ते १५ मिनिटे थांबा. मऊ झालेला थर लाकडी काडीने ढकला. निघत नसेल तर पुन्हा पाच मिनिटे गुंडाळा, सुरीने खरवडू नका. शेवटी हात धुऊन तेल लावा.

ॲसिटोन पेट्रोलसारखे भडकते आणि त्याची वाफ खालून पसरते. स्वयंपाकघरात, देव्हाऱ्यातील समई-निरांजनाजवळ किंवा उदबत्ती लावलेल्या खोलीत हे काम करू नका. खिडकी उघडी ठेवा. वाटी गरम करू नका. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नका.

आपली कामे आणि आपली नखे

दिवसातून दहा-बारा वेळा ओले होणारे हात हे नखांच्या तक्रारींचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण आहे. धुणी-भांडी करणाऱ्या, गोठ्यात धारा काढणाऱ्या, गुऱ्हाळावर काम करणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष यांची नखे सतत फुगतात आणि आकसतात, म्हणून ती पदरापदराने सुटतात. हुपरीच्या चांदीकामात ॲसिडशी संबंध येतो, तिथे ही झीज आणखी वाढते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हात धड वाळतही नाहीत.

• भांडी घासताना रबरी मोजे घाला, आत पातळ सुती मोजे असावेत. नुसत्या रबरात घाम साचतो.
• काम झाले की बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा टिपून कोरड्या करा.
• रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नखाच्या मुळाशी मिनिटभर चोळा.
• नखाने डबा उघडणे, स्टिकर खरवडणे टाळा.
• भाकरी थापणाऱ्या, मुलांना हाताने भरवणाऱ्या हातांची नखे आखूड असू द्या. लांब नखाखाली पीठ आणि जंतू दोन्ही साचतात.
• जेल काढल्यावर एक-दोन आठवडे नखे कोरी ठेवा.

नखुर्डे झाले की बोटात लिंबू घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्याने पू निघत नाही, उलट फुटलेली कातडी जळते. सुरुवातीला कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा १०-१५ मिनिटे बोट बुडवा आणि कोरडे करा. पू दिसला, ठणका वाढला किंवा तुम्हाला मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लग्नघरासाठी वेळापत्रक

नवरीने पहिल्यांदाच जेल लावायचे असेल तर ते लग्नाच्या आदल्या दिवशी नको. ॲलर्जी असेल तर पुरळ एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणजे नेमके अक्षता पडताना. दीड-दोन महिने आधी एकदा लावून पाहा. कार्यासाठीचे जेल मेंदीच्या आधी उरकून घ्या, कारण नंतर स्पिरिट आणि ॲसिटोनने मेंदीचा रंग उतरतो. हळदीचा डाग फिक्या रंगावर चढू शकतो, तेव्हा लाल किंवा मरून रंग बरा. झटपट रंगणारी काळी मेंदी मात्र टाळाच. तिच्यात मिसळलेल्या केसांच्या डायमुळे हातावर फोड येऊ शकतात.

रंगाखाली लपणारे आजार

नख ही डॉक्टरांसाठी तपासणीची खिडकी आहे. चमच्यासारखे खोलगट नख लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. निळसर नखे ऑक्सिजन कमी असल्याचे सांगतात. बोटांची टोके फुगून नख घड्याळाच्या काचेसारखे गोल होणे हे फुप्फुस किंवा हृदयाच्या आजारात दिसते. वर्षभर अखंड जेल असेल तर यातले काहीच तुमच्या किंवा डॉक्टरांच्या नजरेस पडत नाही. दोन वेळांच्या मध्ये नखे उजेडात नीट बघण्याची सवय लावा.

ऑपरेशनच्या वेळी बोटाला लावलेले ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवून रक्तातील ऑक्सिजन मोजते. गडद रंग आणि जाड थर त्यात अडथळा आणू शकतात. जेल दवाखान्यात ऐनवेळी निघत नाही, म्हणून तारीख ठरली की घरीच काढून जा. गरोदर स्त्रियांनी नवव्या महिन्यात नखे कोरीच ठेवावीत.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• नखाभोवती किंवा पापण्यांवर खाज-पुरळ येऊन जेल थांबवल्यावरही आठवडाभरात कमी न झाल्यास
• नख बोटापासून सुटत असल्यास किंवा खाली हिरवट रंग दिसल्यास (हा ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा रंग असतो, त्यावर पुन्हा जेल लावून झाकू नका)
• एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी रेघ नव्याने आल्यास किंवा ती रुंदावत असल्यास (क्वचित हा त्वचेचा कर्करोग असतो)
• नखे जाड, पिवळी, भुसभुशीत झाल्यास
• मधुमेहींच्या बोटाला कोणतीही जखम झाल्यास

सीपीआर, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना नखे कोरी ठेवा आणि वापरलेल्या बाटल्यांच्या लेबलचे फोटो सोबत न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नखांना श्वास घेता यावा म्हणून मध्ये सुट्टी द्यावी का?
नख श्वास घेत नाही, त्याला सगळे रक्तातूनच मिळते. सुट्टी द्यायची ती ॲसिटोनने आलेला कोरडेपणा भरून निघावा आणि नखाची तब्येत दिसावी म्हणून.

बायोटिनच्या गोळ्या घेऊ का?
बायोटिनची कमतरता क्वचितच असते. शिवाय या गोळ्यांमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

हेमा-फ्री लिहिलेले जेल सुरक्षित असते का?
त्यात हेमा नसले तरी त्याच गटातले दुसरे रेणू असतातच. ज्यांना ॲलर्जी झाली आहे, त्यांनी तेही टाळावे.

टीपीओवर बंदी आल्याचे वाचले. ते काय आहे?
जेल कडक होण्यास मदत करणारा हा घटक. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत तो वापरण्यास बंदी घातली. प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननक्षमतेवर परिणाम दिसल्याने खबरदारी म्हणून हा निर्णय झाला. आधी वापरले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. नवीन बाटली घेताना टीपीओ नसलेली निवडा.

मी नर्स आहे. जेल चालेल का?
रुग्णांची थेट सेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि नखांची टोके अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेलबाबत तुमच्या रुग्णालयाचा नियम पाळा. कामाच्या दिवसांत आखूड, कोरी नखे सर्वांत चांगली.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारीवर उपचार डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्या.